नरनाळ्याच्या वाटेवरचे मानकरी

प्रवासाने मनुष्य शहाणा होतो, याबद्दल सर्व विद्वानांचं एकमत आहे. मात्र एखादा इसम खरोखर प्रवासाला गेला होता की घरी बसूनच शहाणा झाला, हे ठरवण्याची सोय आपल्याकडे पूर्वी नव्हती. ती पहिल्यांदा वऱ्हाडात झाली. पुण्याच्या लोकांना ही गोष्ट माहीत नाही, आणि सांगितली तर ते म्हणतील की आमच्याकडे हे पेशवाईपासून आहे.

ही सोय म्हणजे 'उत्कृष्ट प्रवासवृत्त गौरव मंडळ, अमरावती-अकोला (संयुक्त)'. स्थापना सन बावन्न. लोकांनी आपली प्रवासवृत्तं मंडळाकडे पाठवायची, मंडळानं त्यातून एक निवडायचं, लिहिणाराला शाल, श्रीफळ आणि चांदीचा पेला द्यायचा आणि ते वृत्त अकोल्याच्या एका साप्ताहिकात छापायचं, असा रिवाज. परीक्षक सात. तीन अमरावतीचे, तीन अकोल्याचे आणि एक मूर्तिजापूरचा. (मूर्तिजापूरच्या गृहस्थांना साहित्यात फारशी गती नव्हती. पण गाडी इकडून जावो की तिकडून येवो, मूर्तिजापूरला थांबते, एवढ्या गुणावर त्यांना तटस्थ मानण्यात आलं.)

या मंडळाचे चिटणीस खुशालराव. त्याच साप्ताहिकाचे सहसंपादक, अकोल्याचेच राहणारे, स्वभावानं भला माणूस. भल्या माणसाला चिटणीस करतात, कारण अध्यक्ष बोलतील ते तो लिहून घेतो आणि परीक्षक लिहितील ते वाचून दाखवतो, मधे आपलं काही घालत नाही. खुशालरावांनी नऊ वर्षं हे काम बिनबोभाट केलं.

पहिल्या वर्षीचं बक्षीस काश्मीरच्या वर्णनाला मिळालं होतं. वर्णन असं बहारीचं, की ऐकताना मे महिन्याच्या भर उन्हाळ्यात मंडपातल्या लोकांनी उपरणी अंगाभोवती लपेटून घेतली. समारंभ आटोपला, आणि मग टपालवाल्यानं सहज बोलता बोलता सांगितलं, की हे गृहस्थ ज्या महिन्यात सरोवरात नावेत बसले होते त्या महिन्यात आपण रोज सकाळी त्यांच्या हातात टपाल देत होतो. मंडळाची छी-थू झाली. तेव्हा अध्यक्ष शेषरावजी वकील यांनी बैठकीत बसल्या बसल्या नियम चौथा सांगितला आणि खुशालरावांनी तो लिहून घेतला. तो असा: 'प्रवासवृत्तासोबत त्या ठिकाणच्या अगर वाटेवरच्या एका प्रतिष्ठित गृहस्थाचा दाखला जोडावा, की लेखक आमच्या घरी आला होता व जेवला होता.'

यामागचा तर्क बिनतोड होता. वऱ्हाडात माणूस कुठेही गेला तरी त्याला जेवल्याशिवाय कोणी सोडत नाही. म्हणजे जो गेला तो जेवला. म्हणजे जो जेवला नाही तो गेलाच नाही. (शेषरावजी दिवाणीचे वकील होते. असला तर्क फौजदारीत चालत नाही, असं ते स्वतःच सांगत.) 'प्रतिष्ठित' कोणाला म्हणावं यावर वाद झाला, तेव्हा पोटनियमही करण्यात आला: ज्याच्या ओसरीवर गादी-लोडाची बैठक आहे तो प्रतिष्ठित समजावा.

नियमाचा गुण लगेच आला. काश्मीर बंद झालं, कारण काश्मिरात कोणाचा मावसभाऊ राहत नव्हता. लिहिणारे आपापल्या सोयऱ्याधायऱ्यांच्या मुलखात हिंडू लागले. आता पाहण्यासारखी जागाही आहे आणि वाटेवर सोयरेही भरपूर आहेत, असं स्थळ म्हणजे नरनाळा. अकोल्याहून मोटारीनं अकोट गाठायचं, आणि अकोटच्या पुढे सहा-सात कोसांवर सातपुड्याच्या डोंगरात हा किल्ला. दरवर्षी पाच-सहा लेखक मोठ्या हिरिरीनं नरनाळ्याला निघत.

पण अकोटला उतरायचं म्हणजे कोणाच्या तरी घरी उतरायचं. आणि अकोटचा आग्रह, बापा! पाव्हणा सकाळी 'जातो' म्हणाला की यजमान त्याची पिशवी लपवतो. दुसऱ्या दिवशी चपला लपवतो. "अरे, आज कसे जाता? आज त पातोडीचा रस्सा हाय! अन् नरनाळा काय पळून चालला काय?" नरनाळा पळत नव्हता, हे पाव्हण्याला कबूल करावं लागे. मग पातोडी होई, मग पुरणपोळी होई, मग शेतात नेऊन रोडगे होत. चार-पाच दिवसांनी रजा संपे, धोतर कमरेला आखूड पडे, आणि पाव्हणा उलटी मोटार धरून घरी येई व प्रवासवृत्त लिहायला बसे.

मंडळ काळाबरोबर चालणारं होतं. लोक जे लिहून पाठवत होते त्याला धरून त्यानं गुणपत्रक आखलं. यजमानाचं नाव व घराणं, तीस गुण. जेवण, तीस. आग्रह, वीस. भाषा, पंधरा. स्थळ, पाच. स्थळाचे पाच गुण नऊ वर्षांत कोणालाही मिळाले नाहीत, आणि त्यात मंडळाला काही वावगं वाटलं नाही. पुढच्या पिढीला काहीतरी करायला शिल्लक ठेवलं पाहिजे, असं शेषरावजी म्हणत.

मानकऱ्यांच्या लेखांची नुसती नावं वाचली तरी अभिमान वाटतो. सन चोपन्न, 'नरनाळ्याच्या पायथ्याशी'. (पायथा म्हणजे अकोटच्या एका अडत्याची ओसरी.) सन छप्पन्न, 'दुरून दिसणारा नरनाळा'. (गच्चीवरून. त्या दिवशी धुकं होतं.) सन अठ्ठावन्न, 'नरनाळा: एक चिंतन'. (जेवणानंतरचं.) मधे एका वर्षी शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांच्या बागांवरचं वृत्त निवडलं गेलं. त्या लेखकाला यजमानांनी घरीच इतकी संत्री चारली, की बाग पाहण्याची गरजच उरली नाही. एकंदरीत नऊ वर्षांत नरनाळ्याला निघालेले लेखक बेचाळीस, अकोटला पोहोचलेले बेचाळीस, नरनाळ्याला पोहोचलेले निरंक. सरासरी वजनवाढ सव्वा शेर.

खुशालरावही तीनदा निघाले होते. लहानपणी त्यांच्या आजोबांनी त्यांना त्या किल्ल्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या, आणि तो एकदा डोळ्यांनी पाहावा ही त्यांची फार दिवसांची हौस होती. तिन्ही वेळा अकोटच्या सहदेवरावांनी त्यांना ठेवून घेतलं. सहदेवराव म्हणजे कापसाचे मोठे अडते, ओसरी अशी की दोन वराती उतराव्यात. मंडळाला एकोणीस दाखले त्यांच्या एकट्याच्या सहीचे आलेले. दरवर्षी नवी वृत्तं आली की खुशालराव आधी शेवटचं पान उघडत, की बाबा, यंदा तरी कोणी वर चढलं का. शेवटच्या पानावर सुपारी कातरणं चाललेलं असे.

आणि एकसष्ट साली ते पाकीट आलं. लेखक देवमन तायडे, अमरावतीच्या तार ऑफिसातले बाबू. लेखाचं नाव नुसतं 'नरनाळा'. दिवसभर लोकांच्या तारा पाठवून या माणसाला शब्द वाचवण्याची सवय जडलेली. 'पायथ्याच्या शहानूरला सायकल ठेवली. चढलो. दरवाजा मोठा. दगडाला जाळी पाडली आहे, कपड्याला पाडावी तशी. आत वारा होता.' खुशालराव सावरून बसले. पुढे तलाव होता, त्यातलं हिरवं पाणी होतं, गवतात आडवी पडलेली लांबच लांब तोफ होती. तोफेवर बसून देवमननं भाकर खाल्ली होती. 'इथून अकोट दिसतं. घराघरांतून धूर निघून राहिला. कोणाचा तरी पाव्हणा अडकला असेल.' इथे खुशालराव मोठ्यानं हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. चाळीस वर्षं जे पाहायचं राहिलं होतं ते या माणसानं त्यांना दोन पानांत दाखवलं होतं. बक्षीस यालाच मिळालं पाहिजे, असं त्यांना अगदी पोटातून वाटलं. चिटणिसाला असं काही वाटण्याची मंडळाच्या घटनेत तरतूद नव्हती.

लेखासोबत दाखलाही होता. देवमनची मावशी चतुराबाई अकोटला राहत होती, रोजानं निंदायला-वेचायला जाणारी. तिचा अंगठा आणि वर तिच्याच तोंडचा मजकूर: 'हा माह्या बयनीचा पोरगा. आला होता. भाकर खाल्ली, दोन बांधून देल्ल्या. म्हटलं जाय लवकर, ऊन होईन. मले बी कामावर जा लागते.'

परीक्षकांनी या दाखल्याचा बारकाईनं विचार केला. आग्रहाचे गुण शून्य पडत होते, कारण यजमानीणबाईंनी आपण होऊनच 'जा' म्हटलं होतं. शिवाय पोटनियम आड आला. चतुराबाईच्या घराला ओसरी नव्हती, मग ओसरीवर बैठक कुठून असणार? देवमनचं घराणं छप्पन्न साली नागपुरास जाऊन बौद्ध झालेलं होतं. त्याचा इथे काही संबंध नाही, असं सातही परीक्षकांनी कोणी न विचारता सांगितलं. "मंडळ जातपात मानतच नाही," मूर्तिजापूरचे तटस्थ गृहस्थ म्हणाले, "मंडळ फक्त ओसरी मानते." हे वाक्य खुशालरावांनी लिहून घेतलं.

लेख तिथेच बाद व्हायचा. पण त्याच आठवड्यात मुंबईहून कळलं, की नव्या राज्याच्या सरकारातले एक बडे साहेब यंदा बक्षीस द्यायला अकोल्याला येणार, आणि समारंभ झाला की विजेत्याला जीपमध्ये घालून लेखात वर्णन केलेलं स्थळ स्वतः पाहायला जाणार. शेषरावजींनी हर्षभरानं तसं पत्रिकेवर छापूनही टाकलं: 'समारंभानंतर प्रमुख पाहुणे विजेत्यासह लेखातील स्थळास भेट देतील.' पत्रिका वाटून झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की घोळ झाला. आजवरच्या सगळ्या मानकऱ्यांना बोलावून विचारलं, साहेबांना नरनाळ्याची वाट कोण दाखवेल? ते म्हणाले, अकोटपर्यंत केव्हाही.

म्हणजे देवमनशिवाय गत्यंतर नव्हतं. नियम बदलावा, असं एकजण हळूच म्हणाले. पण नियम बदलला तर आधीच्या शालींचं काय, असा पेच शेषरावजींनी टाकला. तेव्हा असं ठरलं, की खुशालरावांनी अकोटला जाऊन देवमनसाठी एका प्रतिष्ठित गृहस्थाचा दाखला आणावा. खुशालराव खुशीनं निघाले. त्यांना वाटलं, हे तर दोन मिनिटांचं काम.

"सहदेवराव, एक दाखला पाहिजे होता," ओसरीवर टेकता टेकताच ते म्हणाले. "देवमन तायडे तुमच्याकडे जेवले, एवढंच लिहायचं."

"जेवले काय?"

"नाही."

"मंग मी खोटं कसं लिहू? एकोणीस दाखले देल्ले आजपर्यंत, एक खोटा नाही. पाव्हण्यानं हात धुतल्याबिगर आपण सही करत नसतो."

"मग त्यांना जेवायला बोलवा ना. खरं होऊन जाईल."

सहदेवराव सुपारी कातरू लागले. "माहं काही नाही, खुशालराव. मी त हाटेलात कोणाच्याबी मांडीले मांडी लावून चा पेतो. पण घरात बायकाइचं असते ना. त्याइचं सोवळं. तिथं आपलं काय चालते?"

थोडक्यात, सहदेवराव सत्यवचनी होते. खोटं ते लिहिणार नव्हते आणि खरं होऊ देणार नव्हते. खुशालराव दुसऱ्या घरी गेले. तिथे सगळ्यांना मान्य होतं, पण घराला चुना चालला होता. तिसऱ्या घरची बाई माहेरी गेली होती. चौथ्याही घरची माहेरीच. त्या आठवड्यात अकोटच्या सात प्रतिष्ठित बायका एकाच वेळी माहेरी गेल्या होत्या असा हिशेब निघतो, मोटार अड्ड्यावर मात्र गर्दी दिसली नाही. संध्याकाळच्या मोटारीत बसल्यावर खुशालरावांच्या ध्यानात आलं, की आज अकोटनं आपल्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला, मनकर्णाबाईला, सगळी हकिकत सांगितली. "करणार काय? पुरुषांचं काही नाही. बायकांचं सोवळं आडवं येतं."

"कोणत्या बायकाइचं?" मनकर्णाबाई पीठ चाळत होती, ती थांबली. "कोण्या बाईले इचारलं तुमी? आणा न त्याले आपल्या घरी! अकोला बी वाटेवरच हाय. आपल्याले ओसरी हाय, लोड हाय. अन् मी काय जात पाहून पोळ्या लाटतो काय?"

खुशालरावांना खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. सोवळं हे बायकांचं असतं, या भरवशावर त्यांनी आजवर साप्ताहिकात फार पुढारलेली मतं छापली होती. त्यांनी नियमावली काढून पाहिली. जेवण प्रवासाच्या आधी व्हावं की नंतर झालं तरी चालतं, याबद्दल नियम चौथा काहीच बोलत नव्हता. निसटायला फटच नव्हती. मुकाट्यानं त्यांनी देवमनला येत्या रविवारचं आमंत्रण पाठवलं.

रविवारी देवमन आला. पांढरी स्वच्छ विजार, वर इस्त्रीचा सदरा, डोळ्यांत मिस्कीलपणा. खुशालराव फाटकापर्यंत सामोरे गेले. "या, या! अगदी आतच चला," असं ते म्हणत होते, इतक्यात शेजारच्या ओसरीवर गोवर्धनरावांनी तोंडासमोरचं वर्तमानपत्र खाली केलं. गोवर्धनराव काही बोलले नाहीत. बोलणाऱ्या शेजाऱ्याला उत्तर देता येतं.

"आत धूर फार झाला आहे," खुशालराव म्हणाले. "ओसरीवरच बसू."

"हाव, बसू न," देवमन म्हणाला.

ओसरीवर बसले. गोवर्धनराव खाकरले. "इथं रस्त्याची धूळ येते," खुशालराव उठलेच. "बाजूला छान सावली आहे." बाजूला गेले, तर तिथूनही वर्तमानपत्राचा कोपरा दिसत होता. "इथं मुंग्या असतात. मागच्या अंगणात मोकळी हवा आहे."

देवमन दर वेळी आपल्या चपला उचलून मागोमाग येत होता. मागच्या अंगणात कडुनिंबाखाली पोहोचल्यावर त्यानं विचारलं, "खुशालराव, अजून किती कोस हाय?"

खुशालराव हसले. ते हसू कसनुसं झालं हे त्यांना कळलं. त्यांनी पाट मांडला, पुढे पत्रावळ टाकली आणि आपण होऊन खुलासा केला, की पितळी ताटं सारी कल्हईला गेलीत. त्याच वेळी स्वयंपाकघराच्या दारात मनकर्णाबाई आली, आणि तिच्या हातात कल्हई केलेलं पितळी ताट लखलखत होतं.

"मायबाई! इथं कावून बसवलं? आत पाट मांडले न मी!"

"त्यांनाच मोकळी हवा पाहिजे म्हणाले," खुशालराव म्हणाले.

मनकर्णाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं, पत्रावळीकडे पाहिलं, आणि ती आत गेली. बाहेर आली ती दोन ताटं वाढून घेऊनच. एक तिनं देवमनपुढे ठेवलं, पत्रावळ उचलून भिंतीकडे भिरकावली, आणि दुसरं ताट घेऊन त्याच्यासमोर मातीतच बसली. "घे भाऊ, तूप घे अजून. मले बी आज अंगणातच जेवा लागते असं दिसते." नवऱ्याच्या आधी, परक्या पुरुषासमोर, उघड्यावर. कुंपणापलीकडे, आपल्या मागच्या दारापर्यंत आलेल्या गोवर्धनरावांचं वर्तमानपत्र खाली पडल्याचा आवाज झाला.

खुशालरावांची पंचाईत झाली. अंगणात बसावं तर शेजारी, आत बसावं तर एकट्यानंच. ते उंबरठ्यावर पाण्याचा तांब्या घेऊन उभे राहिले आणि मागतील तसं पाणी वाढत राहिले. (यजमान उपाशी राहिल्याचं मंडळाच्या इतिहासातलं हे एकमेव उदाहरण.) जेवण झाल्यावर त्यांनी दाखला लिहिला: 'देवमन तायडे आमच्या घरी आले होते व जेवले होते.' त्यात खोटं काहीच नव्हतं. सही करताना त्यांना घाम का आला, कोण जाणे.

आठ दिवसांनी देवमननं 'नरनाळा' हा लेख परत मागून घेतला आणि त्याच दाखल्यावर दुसरा पाठवला. मुदतीच्या आत तसं करता येत होतं. नव्या लेखाचं नाव 'स्वयंपाकघराकडे'.

'अकोल्याच्या एका घरच्या स्वयंपाकघराला निघालो. फाटक गाठलं. यजमानांनी थांबवलं. ओसरी गाठली. थांबवलं. भिंतीच्या कडेनं गेलो. तिथंही थांबवलं. अंगणात पोहोचलो. स्वयंपाकघर तिथून समोर दिसतं. चुलीचा जाळ दिसला. पोळीचा वास आला. पुढे जाऊ देईनात. असा आग्रह पाहिला नाही. नरनाळा सोपा आहे.' मग पोळीबद्दल होतं, पातोडीबद्दल होतं. 'बाई ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या. तेवढं अंतर त्या चालून आल्या.' आणि शेवटी: 'या घरचे प्रतिष्ठित यजमान श्री. .............. यांचा मी आभारी आहे. नाव मंडळानं भरावं. मी त्यांचं मीठ खाल्लं आहे.'

दाखले तपासणं चिटणिसाचं काम, लेख तपासणं परीक्षकांचं. परीक्षक लेखावर बेहद्द खूश झाले. मंडळाच्या परंपरेला असा धरून लेख दुसरा आला नव्हता. लेखक निघाला, वाटेत अडवला गेला, पोटभर जेवला आणि पोहोचला नाही. घराणं, तीस (नाव मंडळच भरणार होतं, मग कापायचे कसे?). जेवण, तीस. आग्रह, वीस, कारण चार ठिकाणी अडवल्याचा विक्रमच होता. भाषा, पंधरा. स्थळ, शून्य. एकूण पंच्याण्णव, आजवरचे सर्वाधिक. अमरावतीचे परीक्षक हसत म्हणाले, हे अकोल्याचंच घर शोभतं. अकोल्याचे म्हणाले, लिहायला अकोला लिहिलं असेल, पण ही तऱ्हा अमरावतीची. खुशालरावांनी दोन्ही मतं लिहून घेतली. नरनाळा, जीप वगैरे गोष्टी त्या आनंदात कोणाला आठवल्याच नाहीत.

समारंभ शाळेच्या सभागृहात झाला. साहेब मधे, शेजारी शेषरावजी. पहिल्या रांगेत सातही परीक्षक, अकोटचे सहदेवराव आणि इतर दाखलेदार, शेजारी म्हणून गोवर्धनराव. उजवीकडे बायकांत मनकर्णाबाई. निवडलेला लेख चिटणिसानं वाचून दाखवायचा असतो. खुशालराव वाचू लागले. अर्धं सभागृह हसून हसून बेजार झालं. जो तो शेजाऱ्याला कोपरानं ढोसत होता, की पाहा, कशी खोड मोडली एकाची.

वाचता वाचता ते त्या टिंबांपाशी आले आणि थांबले. आता नाव येणार, म्हणून सगळे कान टवकारून बसले होते. मग खुशालरावांनी समोर पाहिलं. पहिल्या रांगेतल्या झाडून साऱ्या प्रतिष्ठितांनी माना खाली घातल्या होत्या आणि जो तो आपल्याच चपला निरखून पाहत होता. मान वर होती ती दोघांची, देवमनची आणि मनकर्णाबाईची. खुशालरावांनी तोंड उघडलं. मग ते पाणी प्याले, खोकले आणि पुढच्या शब्दापासून वाचू लागले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल झाली, श्रीफळ झालं, पेला झाला. साहेब उठले. माणूस हसरा होता, आणि कागदावर छापलेलं सगळं खरं मानणारा. "फार सुंदर लेख! आता पत्रिकेप्रमाणे लेखातल्या स्थळाला भेट द्यायची. तायडे, चला, आज आपण दोघं मिळूनच स्वयंपाकघरात जाऊ. कोणाचं घर?"

"ते चिटणीस सांगतील," देवमन म्हणाला. या वेळी त्याच्या डोळ्यांत मिस्कीलपणा नव्हता.

खुशालराव उभे राहिले. बोल लेका, बोल, नुसतं 'माझं' म्हण, असं ते स्वतःला सांगत होते. शब्द निघाला होता. तो छातीपर्यंत आला, गळ्यापर्यंत आला. मनकर्णाबाई पदर सावरून उठलीच होती, घरी जाऊन चूल पेटवायला. आणि तेवढ्यात शेषरावजी खुर्चीतून पुढे वाकले.

"ते घर सध्या दुरुस्तीला काढलं आहे, साहेब."

"अरेरे! केव्हा होईल दुरुस्ती?"

"लवकरच. काम सुरू आहे."

खुशालराव खाली बसले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि खोटं कशाला बोला, थोडं हायसंही वाटलं. साहेबांना सहदेवरावांनी अकोटला नेलं आणि तीन दिवस सोडलं नाही. देवमन शाल खांद्यावर टाकून अमरावतीच्या गाडीत बसला. पुन्हा त्यानं मंडळाकडे लेख पाठवला नाही. मनकर्णाबाई घरी गेली आणि महिनाभर नवऱ्याला वाढताना एक शब्द बोलली नाही. पोळीवर तूप मात्र रोजच्याइतकंच घालत राहिली, आणि तेच खुशालरावांना जास्त लागलं.

लेख साप्ताहिकात छापताना खुशालरावांनी ती टिंबं तशीच ठेवली आणि खाली टीप दिली: 'हा मुद्रणदोष नव्हे.' घरी आलेल्या अंकात मनकर्णाबाईनं तिथे शाईनं एक नाव लिहिलं. बाकीचे अंक टिंबांसकटच वाचकांकडे गेले. अकोल्याच्या वाचनालयात तो अंक अजून आहे, आणि खुशालराव अधूनमधून जाऊन तो पाहून येतात. वाचणाऱ्यांनी ती जागा पेन्सिलीनं भरून टाकली आहे, एकावर एक, समासातसुद्धा. कोणी व्याह्याचं नाव लिहिलं आहे, कोणी भाऊबंदाचं, कोणी साहेबाचं, आणि गोवर्धनरावांच्या अक्षरात खुशालरावांचं. लिहिणाऱ्यानं स्वतःचं लिहिलेलं एकही नाही.

तुम्हीही इथवर येईतो एक नाव मनातल्या मनात लिहून टाकलं असेलच. असू द्या, कागदावरही लिहा, समासात अजून थोडी जागा आहे. तुमच्या शेजाऱ्यांचं पूर्ण नाव ठाऊक आहे ना तुम्हाला?